भाच्याची परवाज़ आणि आमची परवानगी

पळसदरीच्या माणसाला ब्रेकचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या स्टेशनापासून एक लाइन खोपोलीला जाते आणि दुसरी बोरघाट चढून खंडाळ्याला. 1856 साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली, 1858 साली पलीकडे खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला घाट 1863 पर्यंत लोक पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायीच ओलांडत होते. चढ 37 फुटांना एक फूट. त्यामुळे घाट उतरणारी गाडी आजही मध्ये थांबवून तिचे ब्रेक तपासतात. गाडी ताब्यात नसेल तर तिला डोंगराच्या चढावर नेऊन थांबवणारी कॅच सायडिंग असते. आमचे दुल्हाभाई या घाटात रुळांच्या देखभालीवर होते. पावसात, धुक्यात, बोगद्याच्या तोंडाशी त्यांनी वीस वर्षे काढली आणि गेले ते घरी, झोपेत, हृदयविकाराने. मागे आपा, तिचे शिलाई मशीन आणि एकुलता एक मुलगा.

तो मुलगा आमच्याच घरात वाढला. आम्ही दोघेही शिक्षक, एक उर्दू शिकवतो आणि एक मराठी, म्हणून त्याचा अभ्यास दोन्ही बाजूंनी झाला. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून तो खोपोलीकडे एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला. अकरा महिन्यांचे कंत्राट, मग एक महिना घरी, मग परत तेच. अशाच एका रिकाम्या महिन्यात तो मित्रांबरोबर कामशेतला गेला आणि परत आला तो एकच गोष्ट घेऊन: मामू, मुमानी, मला पॅराग्लायडिंग शिकायचे आहे. पुढे पायलट होऊन पर्यटकांना बरोबर घेऊन उडायचे, तोच धंदा करायचा.

आपाने मशीनवरून मान वर केली नाही. "तुम्ही दोघं ठरवा," एवढेच म्हणाली. ज्या घरात निर्णय घेणारा माणूस लवकर जातो, तिथे हे वाक्य फार जड असते. होय म्हणावे आणि काही झाले तर तिच्याकडे कोणत्या तोंडाने पाहायचे? नाही म्हणावे, तर पोरगा दर अकरा महिन्यांनी गेटबाहेर उभा राहतो, तेही आम्हीच पाहतो.

पोराकडे एक तयार मुद्दा होता. "मौत का वक़्त तो मुक़र्रर है. अब्बा घाटात राहिले आणि घरी गेले." हा मुद्दा आमच्या घरांत मोटारसायकलवर हेल्मेट न घालणारी मुलेही वापरतात, आणि आम्हाला तो मुळीच मान्य नाही. त्याला उत्तर आपानेच दिले. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही हदीस तिने त्याला लहानपणी शिकवली होती, तिने फक्त विचारले, "तुझा उंट कशाने बांधतात ते तरी सांग." त्याला नीट सांगता आले नाही. मग आम्ही ठरवले की आधी जाऊन बघायचे.

बातम्या आम्हीही वाचत होतो. डिसेंबर 2022 मध्ये हिमाचलात कुल्लूजवळ डोभी येथे आपल्या सातारा जिल्ह्यातला एक पर्यटक पायलटबरोबर उडताना वरून पडून गेला. जानेवारी 2025 मध्ये गोव्यात केरीच्या पठारावर पर्यटक तरुणी आणि तिचा पायलट दोघेही गेले. अशी बातमी आली की आमच्या गल्लीत दोन दिवस "हे खेळच बंद करा" चालते, आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी सुट्टीत जाऊन तसाच फोटो टाकतो. दोन्ही वेळा मरणारा माणूस शिकणारा नव्हता, पैसे देऊन पुढे बसलेला पर्यटक होता. हे आमच्या डोक्यात राहिले, कारण आमच्या पोराला नेमके त्या पर्यटकाच्या पाठीमागे बसायचे होते.

एका रविवारी फजर पढून आम्ही निघालो. कर्जतला गाडी बदलली, घाट चढलो, लोणावळ्याहून पुणे लोकलने कामशेत. तिथल्या गावांच्या मागे उघडे, गवताळ डोंगर आहेत, खाली शेते आणि धरणाचे पाणी. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात सगळे बंद. एका शाळेच्या मुख्य शिक्षकांनी आम्हाला बसवून घेतले. वयाने आमच्याहून मोठे, बोलणे थोडे. आमच्या शिक्षकी नजरेला त्यांची पहिली गोष्ट आवडली ती ही, की त्या दिवशी त्यांनी आमच्या पोराला उडू दिले नाही. पहिले दिवस मैदानातच जातात. पंख जमिनीवर घोड्याच्या नालेसारखा पसरायचा, दोऱ्या सोडवायच्या, वाऱ्यावर पंख उचलायचा, डोक्यावर स्थिर धरायचा, खाली आणायचा. पुन्हा उचलायचा. आमच्या पहिलीच्या वर्गात अलिफ गिरवून घेतात तसे. दोन तासांत पोरगा घामाने भिजला आणि जमिनीपासून हातभरही वर गेला नव्हता.

पंख म्हणजे काय, हे आम्हाला तिथे कळले. दोन पातळ नायलॉनच्या थरांमध्ये शिवलेल्या नळ्यांसारखे कप्पे, पुढून तोंडे उघडी. धावताना त्यांत हवा भरते आणि कापड फुगून पंखाचा आकार घेते. आत ताठ सांगाडा नसतो. वजन पाच-सहा किलो, आणि त्यावर माणूस लोंबकळतो बोटाच्या नखापेक्षा बारीक दोऱ्यांना. सर मूळचे हँग ग्लायडरवाले. त्यांनी तोही कागदावर काढून दाखवला: अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, आणि खाली तिकोनी दांडा. पायलट पोटावर आडवा लोंबकळतो आणि दांडा धरून आपले वजन इकडे-तिकडे सरकवतो. दांडा ओढला की वेग वाढतो, ढकलला की कमी होतो. नवशिका वेगाला घाबरून दांडा ढकलतो, वेग फार कमी झाला की पंख हवा धरत नाही, आणि तो पडतो. घाबरल्यावर हात जे आपोआप करतात तेच चुकीचे, म्हणून सराव लागतो, असे सर म्हणाले. हँग ग्लायडर जोडायला बराच वेळ जातो. नळ्या उघडायच्या, पंखात पट्ट्या सरकवायच्या, प्रत्येक नट आणि पिन हाताने चाचपायची, बाजूच्या तारेवर पाय देऊन ताण पाहायचा. दुमडला तरी तो जीपच्या टपावरच मावतो. पॅराग्लायडर पाठीवरच्या पिशवीत राहतो, म्हणून आज कामशेतला जिकडेतिकडे तोच.

उडण्याच्या आधी दोघांतही एक तपासणी असते, आणि तिच्यात कसूर झाली तर पुढे काही सुधारता येत नाही. हँग ग्लायडरमध्ये पायलट टेकडीवरच पंखाला लटकून पाहतो, आपण खरोखर अडकवलेले आहोत ना. 2018 साली स्वित्झर्लंडमध्ये पायलटने आपल्या पर्यटकाला पंखाला अडकवलेच नाही आणि उड्डाण केले. तो माणूस दोन मिनिटांहून अधिक काळ हातांनी लोंबकळत खाली आला. वाचला, पण मनगट मोडले. ती चित्रफीत सर प्रत्येक नव्या तुकडीला दाखवतात. पॅराग्लायडरमध्ये तशीच जागा म्हणजे मांड्यांचे पट्टे. छातीचा पट्टा लागलेला असतो, माणसाला वाटते सगळे लागले. जमीन सुटल्यावर तो हार्नेसमधून खाली सरकू लागतो. म्हणून नियम असा की बांधताना मांड्यांचे पट्टे आधी, सोडताना शेवटी. हेल्मेट तर पंखाला अडकवण्याच्याही आधी, कारण वाऱ्याची एक झुळूक उभ्या माणसाला ओढत नेऊ शकते. मग दोन्ही कॅराबिनर बंद आहेत का, राखीव पॅराशूटची पिन आणि मूठ जागेवर आहे का, दोऱ्यांत काडी-गाठ आहे का, वारा किती आणि कुठून, समोर आकाश मोकळे आहे का. हे सगळे मोठ्याने बोलायचे आणि बोट लावून बोलायचे. पोराने ते मनात म्हटले तर सर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावत.

याच्या आधी आम्ही एका गर्दीच्या पर्यटनस्थळी हेच काम दोन मिनिटांत उरकलेले पाहिले होते. रांग लागलेली, एकाने पट्टे ओढले, दुसऱ्याने पैसे घेतले, कोणी काही बोलले नाही, कोणी काही विचारले नाही. तिथे काही झाले नाही. पण कामशेत पाहिल्यावर ते आठवून आमच्या पोटात गोळा आला.

वाऱ्याचे गणित मात्र आम्हाला लगेच कळले, कारण ते आमच्या ओढ्यात रोज दिसते. पाण्याच्या मधोमध दगड असला की त्याच्या पुढच्या अंगाने पाणी वर चढते आणि मागच्या अंगाला भोवरे होतात. डोंगराचे तेच. समोरून येणारा वारा उतारावर आपटून वर चढतो, त्याच्यावर पंख तरंगतो. डोंगराच्या मागे वाऱ्याचे भोवरे असतात. तिथे शिरलेला पंख चुरगळतो. साध्या पंखाचा वेग ताशी 35 किलोमीटरच्या आसपास. वारा तेवढाच झाला तर माणूस हवेत जागच्या जागी थांबतो, त्याहून वाढला तर मागे मागे जात त्याच भोवऱ्यांत पोहोचतो. नवशिक्याला म्हणूनच ताशी पंधरा-सोळा किलोमीटरहून अधिक वाऱ्यात सोडत नाहीत. दुपारी ऊन तापले की जमिनीवरून गरम हवेचे लोट उठतात. घारी पंख न हलवता घिरट्या घालत चढतात त्या त्यांवरच. मुरलेले पायलट त्याची वाट पाहतात. शिकणाऱ्याने ती वेळ टाळायची. म्हणजे नवशिक्याचे उडणे फजरनंतरच्या तासांत आणि असरच्या सुमारास, ज़ुहरला जमिनीवर. आपाला हे वेळापत्रक ऐकून पहिल्यांदा थोडे हसू आले.

शाळेत आम्ही हा विषय काढला तेव्हा सातवीच्या मुलाने हात वर केला: "सर, विमान मुसलमानांनी शोधलं ना?" अब्बास इब्न फिरनासची गोष्ट त्याने मोबाइलवर पाहिली होती. ती गोष्ट आम्हालाही प्रिय आहे. नवव्या शतकातला कुर्तुब्याचा हा विद्वान, पिसांचे पंख लावून उंचावरून उडाला, काही अंतर हवेत गेला आणि उतरताना पाठीला जबर मार बसला. कुर्तुब्यातल्या एका पुलाला आज त्याचे नाव आहे, चंद्रावरच्या एका विवराला आहे. पण मुलांना आम्ही हेही सांगितले की हा वृत्तांत आपल्याकडे अल-मक्करीच्या ग्रंथातून येतो, आणि अल-मक्करी सतराव्या शतकातला, म्हणजे साडेसातशे वर्षांनंतरचा. म्हणून फुशारकी जपून मारावी. त्यात खरी कामाची गोष्ट वेगळीच आहे: पक्षी शेपटीच्या बळावर उतरतो, आणि याने शेपटी लावली नव्हती, असे त्या वृत्तांतातच म्हटले आहे. चढण्याचा विचार केला होता, उतरण्याचा राहिला. जर्मनीचा ओटो लिलिएंताल 1891 पासून दोन हजारांवर वेळा टेकडीवरून तरंगला, नोंदी ठेवल्या, तरी 1896 साली वाऱ्याच्या एका झोताने पंख थांबला आणि तो पडून गेला. आजचा पॅराग्लायडर त्या मानाने अगदी अलीकडचा. 1978 साली फ्रान्समधल्या मिएसी गावात काही पॅराशूटवाल्यांनी विमानाचा खर्च वाचवण्यासाठी डोंगरावरूनच धावत उडी घेतली, तिथून तो पसरला. वर्गात मुलांनी विचारले, मग तुमचा भाचा उतरतो कसा? वाऱ्याकडे तोंड करून, आणि पाय टेकायच्या जरा आधी दोन्ही ब्रेक पूर्ण ओढून. लवकर ओढले तर उंचावरच पंख थांबतो आणि माणूस धपकन् पडतो. उशिरा ओढले तर धावता धावता तोंडावर. हे मापही मैदानातच बसते.

परत येताना घाटात गाडी नेहमीप्रमाणे थांबली. पोरगा खिडकीतून आमचीच डोंगररांग बघत होता. त्याच्या मनात काय आहे ते कळायला फार वेळ लागला नाही. इथूनच का नाही उडायचे? याचे उत्तर सरांनी आधीच देऊन ठेवले होते: आधी उतरायची जागा शोधा, मग चढायची. पळसदरीच्या खाली रुळांवर विजेची तार, खोपोलीकडून आलेल्या उच्च दाबाच्या तारा (टाटांचे वीजघर तिथे 1915 पासून आहे), धरणाचे पाणी आणि दाट झाडी. मोकळे मैदान पोहोचण्याच्या टप्प्यात हवे, ते नाही. आणि नवशिक्याने एकट्याने, अनोळखी डोंगरावरून तर मुळीच नाही. ही आमची पहिली अट झाली.

बाकीच्या अटी आम्ही आपासमोर बसून लिहिल्या. शिकायचे ते नोंदणी असलेल्या ठिकाणी. महाराष्ट्र शासनाच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा संस्थांना पर्यटन विभागाकडे नोंदणी करावी लागते, आणि घरच्या माणसाला ते प्रमाणपत्र मागण्यात लाज वाटू नये. विमा काढायचा. पंख स्वतः ऑनलाइन, स्वस्त बघून घ्यायचा नाही. शिक्षक सांगतील तो, त्याच्या वजनाला बसणारा, शिकाऊ दर्जाचा. वजनाची मर्यादा पंखावरच छापलेली असते. वेगवान पंख घ्यायची घाई अनुभव दोन-चार महिन्यांचा झाला की सुरू होते, आणि तीच धोक्याची वेळ, हे आम्हाला सरांनी खासगीत सांगितले. "आज उडायचं नाही" असे तिथल्या कोणीही म्हटले तर वाद घालायचा नाही. आणि तासांची वही ठेवायची. शेवटची अट आपाची होती. उतरल्यावर पहिला फोन तिला, मित्रांना नंतर.

त्याने दीड वर्ष बचत केली आणि मग शिक्षकांच्याच ओळखीतला, थोडे तास उडालेला, तपासणीचा कागद असलेला पंख घेतला. तो घरी आला त्या दिवशी आपाने मधल्या खोलीत चादर अंथरून तो पसरवायला लावला. अर्धाच मावला. चष्मा लावून ती कप्प्याकप्प्याने शिवण बघत गेली. चाळीस वर्षे मशीन चालवलेल्या बाईची नजर. "टाका छोटा आहे, दोरा चांगला आहे, कोपऱ्याला दुहेरी फिरवलंय," असे स्वतःशीच बोलत होती. दोऱ्या जिथे कापडाला जोडल्या आहेत तिथे आतून पट्ट्या शिवलेल्या पाहून तिचे समाधान झाले. आमच्या समजावण्याने जे झाले नव्हते ते त्या शिवणीने केले, असे आम्हाला वाटते.

मग तिला मागच्या कडेजवळ एक बारीक भोक सापडले, गवताच्या काडीएवढे. तिने सुई काढली. पोरगा ओरडलाच. कारण तिथे सुई चालत नाही: सुईचे प्रत्येक भोक नवे भोक, आणि ताण पडला की फाट तिथूनच धावते. शिवणीपासून दूर असलेल्या अशा लहान भोकाला त्याच कापडाची चिकटपट्टी, गोल कोपरे कापून, दोन्ही बाजूंनी लावतात. शिवणीवर किंवा मोठे फाटले, दोरी घासली, तर घरी हात लावायचा नाही, कार्यशाळेत पाठवायचे. तिथे वर्षातून एकदा पूर्ण तपासणी होते. कापडातून हवा किती वेळात झिरपते ते यंत्राने मोजतात, दोऱ्यांची लांबी मापतात, एखादी दोरी तुटेपर्यंत ओढून तिची ताकद बघतात. राखीव पॅराशूट वर्षातून निदान एकदा उघडून, हवा देऊन, जाणत्या माणसाकडून पुन्हा घडी करून घ्यावे लागते. आपा गप्प बसून ऐकत होती. मग म्हणाली, पट्टीचे कोपरे मी कापते, तुझे वाकडे होतील.

पंखाचे तीन शत्रू आहेत: ऊन, ओल आणि वाळू. उन्हाने नायलॉन कुजते, म्हणून उतरल्यावर पंख पसरून गप्पा मारत बसायचे नाही. वाळवायचा तो सावलीत. घडी घालताना नाकतोडा आत राहिला तर तो कापड कुरतडतो, म्हणून घडी झटकून. धुवायचाच असेल तर साधे पाणी, साबण नाही. आमच्याकडे खरा प्रश्न ओलीचा. पळसदरीचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. जुलैत आमच्या कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, किताबांची पाने फुगतात. पहिल्या पावसाळ्यात पंख कुठे ठेवायचा यावर घरात चर्चा झाली. शेवटी आपाच्या खोलीत, जिथे तिचे कापडाचे ठोक भिंतीपासून दूर फळीवर असतात, तिथे त्याला जागा मिळाली. सैल घडी, वर सुती चादर, दर आठवड्याला पंख्याखाली उघडून हवा देणे. हे काम ती कोणाला सांगत नाही, स्वतः करते.

पर्यटकाला घेऊन उडायचा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्याच्या वहीत तास जमत आहेत, पुढची परीक्षा आहे, पण दुसऱ्याचे लेकरू पुढ्यात बांधून उडणे ही गोष्ट निराळी. तिथे त्याच्या चुकीची किंमत तो एकटा देणार नाही. धंदा म्हटला की रांग असेल, मालक म्हणेल अजून दोन फेऱ्या कर, वारा वाढत असेल, आणि पोराला तेव्हा नाही म्हणता आले पाहिजे. कारखान्यात नाही म्हणणाऱ्याचे कंत्राट पुढच्या वेळी निघत नाही, हे तो शिकूनच बाहेर पडला आहे. आम्ही त्याला सांगितले आहे की ज्या ठिकाणी पायलटला "आज नाही" म्हटल्याबद्दल पगार कापला जात नाही, असे ठिकाण सापडले तरच पुढे बोलू. तो शोधतो आहे. तोवर कारखाना चालू आहे.

सध्या पाऊस आहे, उडणे बंद. ऑक्टोबरच्या आधी पंख तपासणीला पाठवायचा आहे, त्याचे पैसे त्याने आपाकडे ठेवायला दिले आहेत. काल ती त्याच्या पिशवीच्या तळाला जाड अस्तर लावत होती. पिशवीला सुई चालते, हे तिने आधी विचारून घेतले.